बेस्टच्या तुटीला हजार कोटी; विजेच्या अभ्यासाला किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पात बेस्ट उपक्रमासाठी १,००० कोटी रुपयांचे साहाय्य दाखवण्यात आले होते. त्यावर दरवर्षी होते तीच चर्चा झाली. रक्कम पुरेशी आहे का, बसगाड्या कधी वाढणार, निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी कधी चुकती होणार, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवेत. परंतु बेस्ट केवळ बस चालवत नाही. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत दहा लाखांहून अधिक ग्राहकांना ती वीज पुरवते, आणि स्वतःच्या मालकीची वीजवितरण व्यवस्था असलेल्या महापालिका आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा ट्रामबरोबर विजेचे जाळेही शहराच्या मालकीचे झाले. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली, जाळे मात्र अजून शहराचेच आहे. या जाळ्याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा यासाठी महापालिकेने अनुदानाची एक छोटी रक्कम दरवर्षी वेगळी काढावी आणि ती कोणाला, कोणत्या अटींवर द्यायची याचा निर्णय सभागृहासमोर व्हावा, एवढीच मागणी मी या पत्रातून करीत आहे.

ही मागणी आता करण्याचे कारण स्मार्ट मीटर, म्हणजे विजेच्या वापराची नोंद थोड्या थोड्या वेळाने आपोआप कंपनीकडे पाठवणारे आणि दुरून बंद-चालू करता येणारे मीटर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेनंतर बेस्टने सुमारे १० लाख ८० हजार स्मार्ट मीटर बसवण्याचे आणि ठरावीक वर्षे चालवण्याचे सुमारे १,३०० कोटी रुपयांचे कंत्राट एका खासगी कंपनीला दिले. पुढे राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांवर प्रीपेड मीटरची सक्ती होणार नसल्याचे जाहीर केले. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला जो मुद्दा मांडायचा आहे तो त्या गदारोळात हरवून गेला. देशभर स्मार्ट मीटरचे समर्थन मुख्यतः दोन गोष्टींवर होते, एक वीजगळती आणि दुसरी थकबाकी. जिथे शंभर युनिटपैकी वीस-पंचवीस युनिटचा हिशेब लागत नाही, तिथे हे समर्थन पटण्यासारखे आहे. मुंबई शहर विभागात मात्र वितरण जवळजवळ संपूर्णपणे भूमिगत केबलमधून होते, आकडा टाकून वीज घेण्याला फारसा वाव नाही आणि गळती मुळातच अत्यल्प आहे. मग या मीटरचा शहराला फायदा होणार तो कुठून? माझे उत्तर असे की तो मीटरने गोळा केलेल्या माहितीतून होईल. पण ती माहिती आपोआप काही सांगत नाही. कोणीतरी बसून तिला प्रश्न विचारावे लागतात, आणि नेमक्या त्या कामासाठी कोणी पैसे ठेवलेले दिसत नाहीत. मीटर खरेदीला तेराशे कोटी आणि मीटर काय सांगतो हे समजून घेण्याला काहीच नाही, हा हिशेब मला जमत नाही.

कोणते प्रश्न, असे कोणी विचारील म्हणून काही नमूद करतो. जुन्या चाळीतील जिन्याखालची मीटरची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परिचयाचे असेल. लाकडी फळीवर ओळीने बसवलेले मीटर, तारांवर वर्षानुवर्षांची काजळी, आणि प्रत्येक मीटरवर लुकलुकणारा बारीक लाल दिवा. ज्या खोलीत पंखा आणि ट्यूबलाइट एवढेच चालू आहे तिथला दिवा रेंगाळत लागतो. ज्या खोलीत गीझर किंवा एसी सुरू आहे तिथला भराभर लुकलुकतो. पाच मिनिटे उभे राहिले तर कोणत्या घरात किती भार आहे याचा अंदाज नुसत्या नजरेने येतो. आता हीच चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहतो, तेव्हा या लुकलुकण्याचे काय होते? वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळीही याच वाटेवर आहेत. कुटुंब तेच, उत्पन्न बहुधा तेच, वस्ती तीच; बदलले ते फक्त घर. अशा कुटुंबाचा विजेचा वापर पहिल्या वर्षी किती वाढतो, दुसऱ्या वर्षी किती, एसी पहिल्या उन्हाळ्यात येतो की दुसऱ्या, लिफ्ट, पाण्याचे पंप आणि सार्वजनिक जिन्यावरचे दिवे मिळून इमारतीचा सामायिक भार किती होतो, आणि मुख्य म्हणजे हे सगळे एकाच वेळी चालू राहण्याचा संभव किती, याची उत्तरे वापराच्या प्रत्यक्ष नोंदींतून काढता येतात. अभियंते आज नव्या इमारतीसाठी ट्रान्सफॉर्मरची क्षमता ठरवतात ती प्रामुख्याने ठोकताळ्यांवर. ठोकताळा चुकून जास्त धरला तर गरजेपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि त्यासाठी दुर्मीळ जागा. कमी धरला तर मे महिन्यात रात्री अकरा वाजता फ्यूज. लोअर परळ, वरळी, दादर, लालबाग या पट्ट्यात पुढची दहा-पंधरा वर्षे हेच घडत राहणार आहे. जगात इतक्या दाट वस्तीत इतक्या मोठ्या प्रमाणावर घरे बदलली जात असताना त्यांच्या वीजवापराची आधीची आणि नंतरची नोंद ठेवण्याची संधी क्वचित मिळते. ती संधी दर महिन्याला थोडी थोडी निसटते आहे, कारण चाळीतले मीटर काढून नेले की आधीच्या वापराची तासागणिक नोंद पुन्हा कधीच मिळणार नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्याकडे विजेचा प्रश्न म्हणून कोणी पाहत नाही. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याचे धोरण आणले. सौरऊर्जा उपलब्ध असलेल्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी आणि मागणी चढलेल्या तासांत तो अधिक, असे त्याचे स्वरूप आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण नवरा-बायको दोघेही सकाळी आठच्या लोकलने कामाला जाणाऱ्या घरात दुपारी स्वस्त वीज वापरणार कोण? घरातला वापर हलवणे अवघड आहे. हलवता येण्यासारखी गोष्ट आहे ती सोसायटीचा पंप. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी तळटाकीत येते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. पंप नेमका कधी लावायचा हे आज वॉचमनच्या सवयीवर आणि रहिवाशांच्या ओरडण्यावर ठरते. गच्चीवरची टाकी पुरेशी मोठी असेल तर हेच काम दुपारी करता येईल. किती इमारतींत टाकी तेवढी मोठी आहे, पाण्याची वेळ अर्ध्या तासाने बदलली तर एखाद्या फीडरवरचा, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिनीवरचा, संध्याकाळचा भार किती उतरेल, हे शोधून काढणे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या आवाक्यातले आहे. शहर विभागात पाण्याची वेळ ठरवणारी आणि वीज देणारी संस्था अखेरीस एकच महापालिका आहे, हे विशेष. मात्र जलविभाग आणि बेस्ट यांनी एका टेबलावर बसून याचा विचार केला आहे, असे आजवर तरी वाचनात आलेले नाही.

विजेवरच्या बसगाड्यांबाबत तर अडचण उघड दिसते. स्वस्त वीज दुपारी, आणि दुपारी बस रस्त्यावर. रात्री त्या आगारात परततात आणि ओळीने चार्जिंगला लागतात, नेमक्या त्याच सुमारास घराघरांतले एसी सुरू झालेले असतात. किती गाड्या मधल्या फेरीत अर्धा तास थांबवता येतील, कोणत्या आगारात आधीच साठवण बॅटरी ठेवणे परवडेल, हे वेळापत्रक आणि फीडर दोन्ही समोर ठेवून पाहण्याची सोय बेस्टइतकी देशातल्या फार थोड्या संस्थांकडे आहे. विजेवरच्या गाड्या बहुतांशी खासगी कंत्राटदारांच्या असल्या, तरी शहर विभागातल्या आगारांपुरते गाड्यांचे वेळापत्रक आणि तार हे दोन्ही तिच्याच हाती आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळही विसरून चालणार नाही. दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि बाहेरची ग्रिड कोसळली तरी मुंबईला अलग करून वाचवणारी जी यंत्रणा अनेक दशके आपण अभिमानाने सांगत आलो, ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. शहर अलग करताना आतली निर्मिती आणि आतला भार यांचा मेळ क्षणात बसावा लागतो. मुंबईची मागणी उन्हाळ्यात चार हजार मेगावॉटच्या पुढे जाते आणि ट्रॉम्बे, डहाणू व सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रे मिळूनही तेवढी वीज होत नाही. म्हणजे भार तोडावाच लागतो. आज तो फीडरच्या फीडर तोडला जातो. परळला एका फीडरवर रुग्णालय आणि शेजारच्या फीडरवर मॉल असे असेल तर काय तोडायचे हे सोपे आहे. पण एकाच फीडरवर दवाखाना, तीन चाळी आणि जाहिरातीचा झगमगता फलक असेल तर? स्मार्ट मीटरमुळे फलक बंद करून दवाखाना चालू ठेवणे तत्त्वतः शक्य होते. प्रत्यक्षात ते काही सेकंदांत करता येईल का, दळणवळणाचे जाळे तेवढे भरवशाचे आहे का, आणि हीच दूरस्थ सोय परक्या हाती पडली तर काय, हे प्रश्न प्रयोगशाळेत आणि मोजक्या फीडरवर तपासूनच सुटतील. कंत्राटदाराच्या माहितीपत्रकावर विसंबून ते सोडवू नयेत.

काम करणारे दूर शोधायला नकोत. माटुंग्याची व्हीजेटीआय ही १८८७ मध्ये स्थापन झालेली संस्था बेस्टच्याच पुरवठा क्षेत्रात आहे. पवईच्या आयआयटीत स्मार्ट ऊर्जा माहितीच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे आणि तिथल्या इमारतीतच संवेदक बसवून वापराच्या नोंदी घेतल्या गेल्या आहेत. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने देशभर घरांतल्या प्लगमध्ये छोटे उपकरण लावून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवला आणि ते आकडे सर्वांना खुले केले; वीज किती वेळ जाते याबद्दलचे अनेक सरकारी दावे त्यामुळे पडताळून पाहता आले. महापालिकेला या संस्थांचे वावडे आहे असेही नाही. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणावर देखरेख करायला आयआयटी चालते, आणि अंधेरीचे गोखले व बर्फीवाला पूल एका पातळीत येत नाहीत हे लक्षात आल्यावर धाव घेतली गेली ती व्हीजेटीआयकडेच. फरक इतकाच की तिथे पूल बांधून झाल्यावर बोलावले गेले. विजेच्या बाबतीत मीटर बसून जाण्याआधी बोलवावे, असे माझे म्हणणे आहे.

पैशाच्या प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही. ज्या उपक्रमाचे निवृत्त कर्मचारी आपल्या ग्रॅच्युइटीसाठी आंदोलन करतात, त्या उपक्रमाने संशोधनाची चैन करावी का, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. निवृत्तांच्या देण्यातून एक रुपयाही इकडे वळवू नये. परंतु हजार कोटींचा अर्धा टक्का म्हणजे पाच कोटी रुपये होतात, आणि आपल्या विद्यापीठांत पाच कोटींत काय काय होऊ शकते हे ज्याने संशोधन प्रकल्प चालवला आहे त्याला ठाऊक आहे. वीजग्राहकांच्या बाजूनेही एक जुना हिशेब आहे. कित्येक वर्षे शहर विभागातील वीजबिलांतून परिवहन विभागाची तूट वसूल केली जात होती. त्या काळी विजेने बस पोसली. आज महापालिका बसला पोसते आहे, तर त्यातला चिमूटभर भाग विजेच्या अभ्यासासाठी गेला म्हणून अन्याय होणार नाही. आणि हा खर्च वीजदरात टाकून ग्राहकांकडून वसूल करण्याचा मार्ग मला मुळीच मान्य नाही. त्यासाठी वीज नियामक आयोगाकडे जावे लागेल आणि शेवटी स्थिर आकारात आणखी काही पैशांची भर पडेल. शहराच्या हवामान कृती आराखड्यात, जो मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि शहराच्या उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा विजेसह ऊर्जेच्या वापराचा असल्याचे तोच आराखडा सांगतो. महापालिका आता स्वतंत्र हवामान अर्थसंकल्पही मांडते. मग हा खर्च हवामानाच्या लेखाशीर्षाखाली मांडणे अगदी सरळ आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. महापालिकेचा पैसा बोरिवली आणि मुलुंडच्या करदात्याचाही आहे, आणि त्याला वीज बेस्ट देत नाही. उपनगरांत अदानी आणि टाटा आहेत, मुलुंड-भांडुपला महावितरण आहे. त्याच्या मालमत्ता करातून कुलाबा-शीवच्या जाळ्याचा अभ्यास का व्हावा? याचे एकच न्याय्य उत्तर मला दिसते. या अनुदानातून जे निष्पन्न होईल ते कोणाच्याही मालकीचे असू नये. निष्कर्ष, वापरलेली गणिती प्रारूपे, आणि ओळख पुसलेली आकडेवारी सर्वांना विनामूल्य मिळावी, म्हणजे मुलुंडच्या इमारतीलाही तिचा उपयोग होईल आणि उद्या उपनगरातल्या कंपन्यांना नियामक आयोगापुढे कोणी जाब विचारू शकेल. ही अट नसेल तर अनुदान न दिलेलेच बरे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथली वीज कंपनीही शहराच्याच मालकीची आहे. तिथे व्यवहार उलटा चालतो. वीज कंपनी आपल्या उत्पन्नातला काही भाग दरवर्षी शहराच्या तिजोरीत भरते. शहर, त्याची वीज कंपनी, टेक्सास विद्यापीठ आणि काही स्थानिक संस्था यांनी मिळून पेकन स्ट्रीट ही ना-नफा संशोधन संस्था उभी केली आणि २००९ मध्ये तिला तिथल्या केंद्रीय ऊर्जा विभागाकडून सुमारे १ कोटी ४ लाख डॉलरचे अनुदान मिळाले. बंद पडलेल्या विमानतळाच्या जागेवर वसवलेल्या म्युलर या वस्तीतील स्वेच्छेने पुढे आलेल्या घरांत उपकरणागणिक मोजणी सुरू झाली. ती आकडेवारी विद्यापीठांतील संशोधकांना विनामूल्य दिली गेली आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर काम केले. सौर पॅनल दक्षिणेऐवजी पश्चिमेकडे वळवले तर उन्हाळी सायंकाळच्या चढत्या मागणीला ते अधिक उपयोगी पडतात, हे तिथल्या मोजणीतून पुढे आलेले एक साधे पण कामाचे निरीक्षण. आपल्याकडचे विद्यार्थी आजही मुंबईच्या घरांबद्दल प्रबंध लिहिताना नाइलाजाने टेक्सासमधल्या बंगल्यांचे आकडे वापरतात, कारण मुंबईचे आकडे मिळत नाहीत.

त्याच सुमारास इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल या छोट्या शहराने, जिथेही वीज नगरपालिकेची आहे, केंद्राकडून १ कोटी १० लाख डॉलरचे अनुदान घेऊन सर्व घरांत स्मार्ट मीटर बसवले. नागरिकांचा एक गट न्यायालयात गेला. २०१८ मध्ये तिथल्या संघराज्यीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की दर पंधरा मिनिटांनी घरातला वीजवापर टिपणे म्हणजे घराची झडतीच होय. मात्र वीजव्यवस्था सुधारण्याच्या हेतूने आणि फौजदारी तपासाशी संबंध नसताना ती केली असल्याने वाजवी ठरते. मोजणी अधिक बारकाईने झाली किंवा पोलिसांना ती सहज मिळू लागली तर आपले मत वेगळे असू शकेल, असेही न्यायालयाने बजावले. शहर अनुदान घेते तेव्हा काय कबूल करून बसते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हा निर्णय जरूर वाचावा. कोलोरॅडोतील बोल्डरचा अनुभव वेगळ्या कारणाने आठवतो. तिथे २००८ मध्ये खासगी वीज कंपनीने स्मार्ट ग्रिडचे शहर म्हणून गाजावाजा केला, दीड कोटी डॉलरचा अंदाज साडेचार कोटींच्या घरात गेला, आणि नियामकांनी त्यातला बराच भाग ग्राहकांवर टाकायला नकार दिला. नेमके काय शोधायचे आहे हे आधी न ठरवता यंत्रे बसवायला घेतली की असे होते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घरात माणसे कधी असतात, कधी झोपतात, गावी कधी गेली, हे सहज कळते. म्हणून संशोधनासाठी घरे घ्यायची ती लेखी संमतीने, मराठीतल्या समजेल अशा अर्जावर, आणि संमती कधीही मागे घेण्याच्या मुभेसह. चाळीत शे-दीडशे खोल्या असताना दोन खोल्यांनी नकार दिला तर त्यांचे आकडे बाजूला काढायचे, चाळ कमिटीच्या अध्यक्षाची एकट्याची सही चालवून घ्यायची नाही.

आता निर्णयाच्या पद्धतीबद्दल. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर दीर्घ काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळातले अर्थसंकल्प स्थायी समितीच्या चर्चेविना मंजूर झाले आणि बेस्टला मिळणाऱ्या रकमेवरही लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारता आले नाहीत. अनुदान देण्याची ही सवय मोडायला वेळ लागेल. संशोधनाच्या अनुदानात तर ती अधिकच घातक ठरेल, कारण आपल्या कार्यालयांना माहीत असलेला मार्ग निविदेचा आहे. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, ठरलेल्या तारखेला अहवाल, आणि अहवालात अपेक्षित निष्कर्ष. केबल खरेदीला हे ठीक आहे. ज्याचे उत्तर आधी माहीत नाही अशा कामाची निविदा काढता येत नाही. प्रस्ताव मागवावेत, बाहेरच्या जाणकारांनी ते तपासावेत, त्यांची टिप्पणी प्रसिद्ध व्हावी. मीटर पुरवणारी कंपनी, तिची उपकंपनी किंवा तिच्या पैशावर चालणारे विद्यापीठातील अध्यासन यांपैकी कोणालाही हे अनुदान मिळू नये, कारण मीटरचा फायदा होतो का हाच प्रश्न असताना उत्तर विक्रेत्याकडून घेणे म्हणजे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थालाच मुलाची चौकशी करायला पाठवण्यासारखे आहे.

हप्त्यांबाबतही बोलायला हवे, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच मरतात. सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता वर्ष निम्मे उलटल्यावर हातात पडतो, मार्चअखेर तो खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, ते तपासले जाईपर्यंत दुसरा हप्ता अडकतो, आणि तोवर विद्यावेतन थांबलेले संशोधक पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेले असतात. विजेच्या अभ्यासात याचा फटका दुप्पट बसतो. मुंबईची मागणी एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात चढते, पावसाळ्यात वेगळे वळण घेते. डिसेंबरात पैसे आले आणि मार्चमध्ये संपले, तर उपकरणे बसवलेली असूनही उन्हाळा हातचा जातो. म्हणून रक्कम तीन वर्षांसाठी एकदम बांधील असावी आणि आर्थिक वर्ष संपले म्हणून ती परत जाऊ नये.

याहून अवघड गोष्ट लेखापरीक्षणाची आहे. समजा, पंपाची वेळ बदलून फीडरचा भार फारसा उतरत नाही असे दोन वर्षांच्या मोजणीतून सिद्ध झाले. शास्त्राच्या दृष्टीने हे मोलाचे उत्तर आहे, कारण त्यामुळे शहरभर स्वयंचलित पंप बसवण्याचा पुढचा मोठा खर्च वाचतो. लेखापरीक्षकाच्या टिपणीत मात्र त्याला ‘निष्फळ खर्च’ असे नाव मिळते आणि ज्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली त्याच्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत ती टिपणी वर्षानुवर्षे चिकटून राहते. या भीतीने अधिकारी फक्त हमखास यशस्वी ठरणारे प्रकल्पच मंजूर करतात, म्हणजे ज्यांत शोधण्यासारखे काही उरलेलेच नाही असे. नकारात्मक निष्कर्ष हा खर्चाचा अपव्यय मानला जाणार नाही, हे महापालिकेने अनुदानाच्या ठरावातच लिहून ठेवावे आणि मुख्य लेखापरीक्षकांची त्याला आधी संमती घ्यावी. पडताळायचे ते एवढेच की मोजणी ठरल्याप्रमाणे झाली का, आणि निष्कर्ष लपवले तर गेले नाहीत ना.

बेस्टचे महाव्यवस्थापक पुढील वर्षाचा अर्थसंकल्प साधारणतः ऑक्टोबरात सादर करतात आणि महापालिका आयुक्तांचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. या दोन तारखांच्या मधे वीज संशोधनाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडता येईल, प्रस्तावांचा नमुना प्रसिद्ध करता येईल आणि पहिला हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुटेल अशी व्यवस्था करता येईल. तोवर बेस्टने निदान एक काम विनाखर्च सुरू करावे. बीडीडी आणि इतर पुनर्विकासातील ज्या चाळी येत्या वर्षात रिकाम्या होणार आहेत, त्यांच्या मीटरच्या जुन्या नोंदी नष्ट न करता जपून ठेवाव्यात, आणि ज्या चाळींत अजून माणसे राहत आहेत तिथे रहिवाशांच्या संमतीने पुढच्या उन्हाळ्यापूर्वी तासागणिक मोजणी सुरू करावी.

आपला,
विद्युत अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक
परळ, मुंबई